गाण्यातली घंटी

कुमार सानूचं एक गाणं आहे, त्यात दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी बासरी वाजते. ती बासरी संपता संपता मला बैलाच्या गळ्यातली घंटी ऐकू येते, टण्ण अशी नाही, जरा बसकी, खट्ट खट्ट अशी, आणि तिच्या मागून बाबांचा आवाज, "बैलाइले पानी दाखोलं का बे?" आणि मग गाणं पुढं सुरू. गेली तीस वर्षं हे असंच चालू आहे. मोबाईलवर लावलं, गाडीत लावलं, कोणाच्या लग्नात वाजलं, बासरी आली की माझे कान तिथं जाऊन थांबतात आणि घंटी येत नाही, बाबा येत नाहीत, सरळ अंतरा सुरू होतो आणि मला वाटतं यांनी गाणं कापलं.

गाणं कोणीच कापलं नाही. घंटी आणि बाबा फक्त आमच्या घरच्या कॅसेटमधे होते.

सांगतो कसं ते. आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं, यवतमाळ जिल्हा. काळी जमीन, पराटी आणि तूर, सोयाबीन तेव्हा नुकतंच येऊ लागलं होतं. 1992 साली कापसाचा चुकारा मिळाला त्या दिवशी बाबा दारव्ह्यावरून संध्याकाळी परत आले ते मांडीवर एक पुठ्ठ्याचा डबा घेऊन, बैलबंडीत बसून. आम्ही पोट्टे पुढं धावलो. आईला वाटलं डब्यात काही घरातलं सामान असंल, निघाला टेप. काळा, एकच स्पीकर, वर पाच बटनं आणि एक लाल बटन. रेडिओ त्याच्यात नव्हता, नुसता टेप. साडेआठशे रुपये. आई दोन दिवस बोलली नाही बाबांशी, कारण त्या वर्षी छपरावर नवे टिनं टाकायचे ठरले होते आणि पावसाळा काही टेप लावून थांबत नाही हे तिचं म्हणणं बरोबरच होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी सडा टाकता टाकता तिनंच विचारलं, "याच्यात महाराजाचं भजन लागते का?" आमच्या भागात नुसतं महाराज म्हटलं तर तुकडोजी महाराज. मग बाबा मोझरीला गेले तेव्हा खंजिरीच्या भजनाची एक कॅसेट घेऊन आले, आणि ती आमच्या घरातली पहिली विकत घेतलेली कॅसेट. त्यानंतर टेप आईचाही झाला.

आता ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना सांगावं लागंल, टेप घरी असणं आणि गाणं घरी असणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. टेप आला पण गाणे कुठून आणायचे? विकतची कॅसेट घ्यायला पैसे लागायचे आणि एका कॅसेटमधे आवडीचे दोनच गाणे असायचे, बाकीचे उगीच. मग दोन रस्ते होते. एक, दारव्ह्याला बसस्टँडजवळ रेकॉर्डिंगचं दुकान होतं, तिथून कॅसेट भरून आणायची. दुसरा फुकटचा, ज्याच्याकडं गाणं असंल त्याचा टेप आपल्या घरी उचलून आणायचा.

फुकटचा आधी सांगतो.

माझ्या वर्गातल्या दोस्ताच्या मोठ्या भावाकडं टेप होता आणि तो पुसदला कामाला होता त्यामुळं त्याच्याकडं नवीन गाणे पहिले यायचे. डबल कॅसेटचा टेप गावात कोणाकडंच नव्हता, वायर लावून एकातून दुसऱ्यात घ्यायचं ते आम्हाला माहीतच नव्हतं. आम्ही काय करायचो, ओसरीत दोन टेप समोरासमोर ठेवायचो, वीतभर अंतरानं, दोन माणसं बोलायला बसतात तसे. त्याच्या टेपमधे प्ले दाबायचं आणि आमच्या टेपचं प्ले आणि लाल बटन एका वेळी दाबायचं. आमच्या टेपला समोर जाळीच्या मागं बारीक छिद्र होतं, ते त्याचं कान. आणि मग गाणं संपेपर्यंत घरात कोणी बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही, खोकलायचं नाही. मी हात वर करून बसायचो, हात खाली केला की बोलायचं.

कोण ऐकते? घर होतं ते, स्टुडिओ थोडीच होता. शेजारच्या काकूला हाक मारल्याशिवाय अंगणात येता येत नव्हतं. गिरणीचा पुक पुक आवाज सांजच्याला सुरूच व्हायचा. कोंबड्या होत्या. आणि माझ्या आबांना लाख सांगा, रेकॉर्डिंग सुरू आहे म्हणजे काय हे त्यांना समजलंच नाही, ते बरोबर गाण्याच्या मधात येऊन "कोन गाते रे हा?" असं विचारायचे, तर आमच्याकडच्या एका कॅसेटमधे चार गाण्यात चार वेळा "कोन गाते रे हा" आहे. आबा 1999 ला गेले.

तर त्या दिवशी तेच झालं. सानूचं गाणं चालू, बासरी वाजून राहिली, मी हात वर करून बसलेलो, आणि बाबा वावरातून बंडी घेऊन अंगणात आले. घंटी. बाबांचा आवाज. मी हात हलवतो आहे जोरजोरात, बाबांना वाटलं मी पाणी दाखवलं नाही म्हणून नाही नाही करतो. मग मी रागारागात बंद करणार होतो पण पुढं चालू राहू दिलं कारण दोस्ताला टेप घेऊन परत जायचं होतं, उशीर झाला होता. त्या वेळी लय वाईट वाटलं होतं. गाणं बिघडलं असं वाटलं होतं. मी ते गाणं नंतर कमीत कमी पाचशे वेळा ऐकलं असंल, आणि दर वेळी त्याच्यात बाबा वावरातून आले.

कुमार सानूचा तो काळ होता. 1991 ते 1995 लागोपाठ पाच वर्षं फिल्मफेअर त्यालाच मिळालं, आणि आमच्या गावात तर त्याच्याशिवाय दुसरा गायकच नव्हता असं समजा. सोबत अलका याज्ञिक, अनुराधा पौडवाल. नदीम श्रवणची ढोलक. काळी पिवळीत बसा, तेच. पानटपरीवर उभे राहा, तेच. कापूस वेचायला बाया जायच्या त्या बंडीत एकीनं टेप मांडीवर घेतलेला असायचा, त्याच्यातही तेच. शहरातले लोक आता त्या गाण्याला हसतात, नाकातला आवाज म्हणतात. मला ते पटत नाही. नुकतं मिसरूड फुटलेल्या आणि पोरीशी एक शब्द बोलायची हिंमत नसलेल्या खेड्यातल्या पोट्ट्याच्या मनात काय चाललं आहे ते मोठ्यानं म्हणून दाखवणारा तो एकच माणूस होता, आणि तो रोज रात्री आमच्या ओसरीत यायचा.

आता दुकान.

दारव्ह्याचं रेकॉर्डिंगचं दुकान म्हणजे फार फार तर आठ बाय दहाची खोली. तिन्ही भिंतीला लाकडी फळ्या, फळ्यांवर कॅसेटी उभ्या, पाठी बाहेर, आणि प्रत्येक पाठीवर स्केचपेननं नंबर. काउंटरवर एक जाड रजिस्टर, त्याच्यात गाण्यांची यादी. आपण जायचं, रजिस्टर चाळायचं, आणि आपली यादी लिहून द्यायची. मालक यादी वाचून बोलायचा नाही पण भुवई वर करायचा, आणि मग आपल्याला वाटायचं काही चुकलं का. कोरी कॅसेट आपली असंल तर भरायचे वेगळे पैसे, त्याची असंल तर वेगळे. आज यादी दिली तर दोन दिवसांनी कॅसेट मिळायची. दोन दिवस! आणि गावाहून दारव्ह्याला रोज कोण जाते, तर जो कोणी बाजाराला जाईल त्याच्याकडं चिठ्ठी द्यायची की माझी कॅसेट घेऊन येजो, बुधवारची आहे, नाव सांगजो.

यादी करणं हे खरं काम होतं. सिक्स्टीची कॅसेट म्हणजे साठ मिनिटं, तीस मिनिटं ए बाजूला, तीस बी बाजूला. एक गाणं पाच ते सहा मिनिटांचं. म्हणजे एका बाजूला पाच गाणे, फार झाले तर सहा, आणि सहावं बसंल की नाही याचा अंदाज चुकला की ते मधातच कटायचं. मी वहीच्या मागच्या पानावर महिना महिना यादी करत बसायचो. दुःखाचे गाणे एका बाजूला ठेवायचे की मधात मधात टाकायचे. बहिणीला अलका याज्ञिकचे दोन पाहिजे, बाबांना रफी पाहिजे, आईला एक अभंग पाहिजे, तो सानूच्या शेजारी कसा टाकायचा. घरातल्या पाच माणसांचं मन साठ मिनिटात बसवायचं, आणि कोणाला वाटायला नको की आपलं राहिलं. मी नंतर बँकेत कामाला लागलो, पुष्कळ हिशेब केले, पण त्या यादीएवढं डोकं कशालाच लावलं नाही.

आणि ते कटलेलं सहावं गाणं. आमच्या एका कॅसेटमधे ए बाजूचं शेवटचं गाणं दुसऱ्या अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीवर कटते, बाई श्वास घेते आणि खट्ट. ते गाणं पुढं कसं आहे हे मी लग्न झाल्यावर बायकोकडून ऐकलं. तिनं स्वयंपाक करता करता म्हटलं आणि मी उठून उभा राहिलो, की याच्या पुढंही आहे?

कोणाला हिशेब आवडत असंल तर सांगतो, कॅसेटची रील सेकंदाला 4.76 सेंटिमीटर पळते, म्हणजे तीस मिनिटांच्या एका बाजूला जवळपास 86 मीटर रील. पोळ्याला तोरणाखाली सगळ्या गावाच्या बैलजोड्या उभ्या राहतात ना, त्या रांगेएवढी लांब रील त्या तळहाताएवढ्या डबीत, आणि ती रुंदीला चार मिलिमीटरही नाही. हे सगळं बनवणारा माणूस लू ओटेन्स नावाचा, हॉलंडचा, फिलिप्स कंपनीतला इंजिनिअर. 1963 साली त्याच्या टीमनं कॅसेट जगापुढं आणली. त्याच्याबद्दल वाचलं की त्यानं आधी लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला होता आणि तो कोटाच्या खिशात जाते का ते पाहिलं होतं, जेवढा ठोकळा खिशात मावला तेवढ्यातच मशीन बसवायचं म्हणून. मला ते लय आवडलं. कारण बाबाही कॅसेट छातीच्या खिशातच आणायचे, बंडीच्या धक्क्यात फुटू नये म्हणून वरून हात ठेवून. ओटेन्स 2021 च्या मार्चमधे गेला. मी त्या दिवशी कपाटातून एक कॅसेट काढून नुसती हातात धरून बसलो होतो.

सेलचं सांगायचं राहिलं. लाईनचा भरवसा नव्हता, टेप सेलवर चालायचा, मोठे चार सेल. सेल उतरले की पहिले कळायचं ते गाण्यावरून, अनुराधाबाईचा आवाज जड होत होत पुरुषासारखा व्हायचा. मग सेल काढून उन्हात ठेवायचे, टिनावर, दुपारभर, आणि संध्याकाळी ते तीन चार गाणे देऊन जायचे. सेल दातानं चावायचे ते पोट्टेही होते, आई मारायची. आमच्या घरात नवीन सेल टॉर्चमधे जायचे कारण रात्री वावरात जागल असायची, आणि टॉर्चमधून उतरलेले टेपला. म्हणजे टेपला नवीन सेल फक्त दिवाळीला.

आणि हेड साफ करणं, हेड म्हणजे ज्याला घासून रील जाते तो टेपमधला भाग. आवाज दबला, घोगरा झाला की समजायचं हेडला मळ लागला. दुकानवाला त्याचे पैसे घ्यायचा, पण आम्ही घरीच करायचो. दार उघडायचं, काडीला कापूस गुंडाळायचा, त्याच्यावर थोडं स्पिरिट नाहीतर अत्तराच्या बाटलीतला शेवटचा थेंब, आणि चकचकीत हेडवरून हलक्या हातानं फिरवायचं, मग बाजूचं रबरी चाक फिरवत फिरवत पुसायचं, कापूस तांबूस काळा होऊन यायचा. कापूस घरचाच. ओसरीच्या कोपऱ्यात गंजी लागलेली असायची छतापर्यंत, हात घालायचा, बोटभर उपसायचा, सरकी काढायची. बाबा म्हणायचे, याच्यानंच आला, याच्यानंच चालते.

टी सीरिजच्या कॅसेटी खेड्यापर्यंत पोहचल्या त्या स्वस्त होत्या म्हणून. त्या कंपनीचा मालक गुलशन कुमार, दिल्लीच्या दर्यागंजात फळाच्या रसाचं दुकान असलेल्या घरातला माणूस, त्यानं कॅसेट किराणा दुकानात, पानटपरीवर नेऊन ठेवली. आणि जुने गाणे दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेऊन विकायचे हेही त्यानंच जोरात केलं, कॉपीराइटच्या कायद्यात तशी वाट होती. म्हणून आमच्याकडं कॅसेट घेताना पहिला प्रश्न असायचा, ओरिजनल आहे का? कव्हरवर रफीचा फोटो, आत आवाज दुसऱ्याचा. सोनू निगम आम्ही पहिल्यांदा ऐकला तो असाच, रफीच्या गाण्यात. बाबा एका ओळीत ओळखायचे. डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "चांगला म्हनते, पन हा तो नाही." सोनू निगम आवडायला त्यांना दहा वर्षं लागली. 12 ऑगस्ट 1997 ला मुंबईत गुलशन कुमारला मारलं ती बातमी आम्ही आबांच्या रेडिओवर ऐकली. दुसऱ्या दिवशी दारव्ह्याच्या दुकानात गेलो तर दुकानवाल्यानं काउंटरवर उदबत्ती लावून ठेवली होती.

आबांचा रेडिओ म्हणजे चामड्याच्या कव्हरमधला, त्यावर नागपूर केंद्र लागायचं, 585 वर, शेतीचे भाव आणि कीर्तन. पण रात्री आबा झोपले की रेडिओ माझा. 1988 साली आकाशवाणीनं नॅशनल चॅनल सुरू केलं होतं, रात्रभर चालायचं, 1566 किलोहर्ट्झ, आणि त्याचा ट्रान्समीटर आपल्या नागपूरचा, 1000 किलोवॅटचा. देशभर जाणारा आवाज आपल्या बाजूनं निघते हे मला कळलं तेव्हा मी वर्गात सगळ्यांना सांगत फिरलो होतो. वावरात जागलीला गेलो की मचाणावर पडून तेच लावायचं, रानडुकरं हाकलायला आवाज पाहिजेच असायचा. 2019 च्या सुरुवातीला ते चॅनल बंद झाल्याचं वाचलं. आज आमच्या वावरात रात्री डुकरं हाकलायला भोंगा लावतात, त्याच्यात रेकॉर्ड केलेला कुत्र्याचा आवाज असते.

पण ज्या आवाजानं आमच्या भागातल्या टेपला खरी किंमत आली त्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून मला लिहायचं आहे. भीमगीतं. नव्वदच्या नॉस्टॅल्जियाच्या गोष्टी निघाल्या की सगळे शक्तिमान आणि रंगोली सांगतात, आणि ते होतंच, पण विदर्भातल्या कोणत्याही खेड्यात 14 एप्रिलच्या पहाटे काय वाजत होतं ते सांगितल्याशिवाय तो काळ पुरा होत नाही. आमच्या गावात विहार होता, त्याच्यासमोरच्या कडुनिंबावर भोंगा बांधायचे, तोंड गावाकडं करून. पहाटे पाचला सुरू. वामनदादा कर्डकांची गाणी, प्रल्हाद शिंदेंचा आवाज, विठ्ठल उमपांचा, आणि मग दिवस वर आला की आनंद शिंदे, मिलिंद शिंदे. प्रल्हाद शिंदेंचा आवाज तर असा की तोच माणूस आषाढीला विठ्ठलाच्या देवळातल्या भोंग्यातून यायचा आणि तोच एप्रिलमधे विहाराच्या भोंग्यातून, आणि दोन्हीकडं सगळा जीव ओतून. आमच्या गावात दोन टोकं होती, एकमेकांच्या विहिरीवर न जाणारी, हे मी लपवत नाही. पण आवाजाला कोण अडवते, तो वाऱ्यावर यायचा आणि आईच्या सड्यावर पडायचा.

तो माझा वर्गातला दोस्त, ज्याचा टेप मी ओसरीत आणायचो, तो विहाराकडच्या टोकाचा. त्याच्यासोबत मी 1996 च्या दसऱ्याला नागपूरला गेलो, दीक्षाभूमीवर. घरी सांगितलं की मामाकडं चाललो. चौदा वर्षांचा होतो. एवढी माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती, पांढऱ्या कपड्यातली, डोक्यावर गाठोडं, कडेवर लेकरू, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूला दुकानं, पण कसली? पुस्तकांची आणि कॅसेटींची. भाकरी बांधून आलेल्या बाया पदराच्या गाठीतून नोटा काढून पुस्तक घेत होत्या, कॅसेट घेत होत्या. दर दहा पावलावर एक टेप, प्रत्येकात दुसरं गाणं, आणि सगळे एकात एक मिसळून एकच मोठा आवाज. दोस्ताच्या आईनं एक कॅसेट घेतली, दुकानवाल्याला लावून दाखवायला सांगितली, कान जवळ नेऊन पूर्ण एक कडवं ऐकलं, मग पैसे दिले. ती शाळेत गेलेली नव्हती. गावी आल्यावर तिनं ती कॅसेट तोंडपाठ केली, दोन्ही बाजू, आणि पुढच्या वर्षी 14 एप्रिलला भोंग्यासमोर तिनं स्वतः म्हटलं, कॅसेट बंद ठेवून. तिचं शिक्षण कॅसेटवर झालं असं दोस्त आजही म्हणतो.

वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघंही 2004 सालीच गेले. विठ्ठल उमप 26 नोव्हेंबर 2010 ला गेले, आपल्या नागपूरला, दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या स्टेजवरच. त्या रात्री दोस्ताचा फोन आला, काही बोललाच नाही, त्याच्या मागं टेप वाजत होता तेवढं मी ऐकत राहिलो.

मग एमपीथ्री आली, एका सीडीत दीडशे गाणे, यादी करायचं कामच संपलं. दारव्ह्याचं दुकान काही वर्षं मोबाईलच्या कार्डात गाणे भरून द्यायचं, रजिस्टर नाही, यादी नाही, "कसे पाहिजे, जुने की नवे?" एवढंच विचारायचे आणि चारशे भरून द्यायचे. नंतर तिथं झेरॉक्स झालं. आमचा टेप 2003 मधे बंद पडला, आईनं तो कपड्यात गुंडाळून कोठीवर ठेवला. कॅसेटी मी सोबत यवतमाळला आणल्या, एकेचाळीस आहेत. प्रत्येकीच्या पाठीमागचे दोन्ही तुकडे मोडलेले, म्हणजे चुकून कोणी वरून भरू नये. फक्त एकीचे मोडलेले नाहीत, ती घंटीवाली, कारण तेव्हा ती बिघडलेली कॅसेट होती, कधीतरी पुन्हा भरू म्हणून ठेवली होती. भरली गेली नाही ते नशीब. कितीदा भरणार होतो.

या दिवाळीला गावी गेलो तेव्हा टेप खाली काढला. दिग्रसला एक म्हातारे मेकॅनिक आहेत, अजून रेडिओ दुरुस्त करतात, त्यांच्याकडं नेला. बेल्ट विरघळून डांबरासारखा झाला होता, त्यांनी तो चाकूनं खरवडून काढला, दुसरा बसवला, हेड पुसलं, लाल बटनाला तेल दिलं. पैसे सांगायच्या आधी म्हणाले, "लावून पाहा, कॅसेट आनली असंल तर." मी म्हटलं काकाजी, कॅसेट घरीच लावतो, बाबांपुढं.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. एका कानानं कमी येते. बैल विकून बारा वर्षं झाली, वावर ठोक्यानं दिलं आहे, ट्रॅक्टरनं होते सगळं. ओसरीत खाटेवर बसले होते, मी टेप त्यांच्या चांगल्या कानाकडं ठेवला. कॅसेटची रील आधी पेन्सिलनं फिरवून ताणून घेतली, एवढ्या वर्षांत चिकटली असंल तर तुटू नये म्हणून. प्ले दाबलं. पहिले खर्र आला, मग सानू, जरा बारीक, दूरचा. बाबांचं लक्ष नव्हतं, ते रस्त्याकडं पाहत होते. आई तूर निसत होती. पहिला अंतरा झाला. बासरी आली. माझे हात गार पडले होते, की असंल की नसंल, का मीच मनात बनवलं आहे एवढी वर्षं.

खट्ट. खट्ट खट्ट.

"बैलाइले पानी दाखोलं का बे?"

आईनं सूप खाली ठेवलं. बाबांनी मान वळवली, टेपकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं ते म्हणतील हा माझा आवाज आहे. ते म्हणाले, "थांब. मांगं घे."

मी मागं घेतलं. पुन्हा बासरी, पुन्हा खट्ट खट्ट. बाबा पुढं वाकले, कान जाळीला लावला.

"हा कवड्या हाय," ते म्हणाले. "उजव्या अंगाचा. त्याच्या घंटीतला लोलक तुटला होता, म्या त्याच्यात सायकलचा नट बांधला होता. म्हनून असा वाजते तो." मग आईकडं पाहून, "पाखऱ्याची घंटी चांगली होती. ते नाही येऊन रायली याच्यात. पाखऱ्या मांगं असंल."

तीस वर्षं मी तो आवाज ऐकत आलो आणि तो बसका का आहे ते मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं टेपमुळं आहे, कॅसेट हलकी होती म्हणून आहे.

गाणं पुढं गेलं, संपलं, नुसता खर्र राहिला. बाबा तसेच कान लावून बसलेले. मी बंद करायला हात पुढं केला तर त्यांनी माझा हात धरला.

"पलटव ना बे. दुसऱ्या बाजूले पाखऱ्या असंल."